पांढऱ्या घोडीची निशाणी

दादांना कोणी "कसे आहात" असं विचारत नसे. विचारलं की ते खरंच सांगायचे. डाव्या गुडघ्यापासून सुरुवात करायचे, रात्री कितीदा उठावं लागलं तिथवर यायचे, आणि विचारणारा बिचारा सायकलवर एक पाय टेकून उभाच. "बरा आहो" एवढंच म्हणाले तर समजावं, माणूस सचमुच बरा आहे. पण असं वर्षातून दोनतीनदाच व्हायचं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आम्ही वीसेक वर्षं सोबत काढली. ते कंपाउंडर, मी भृत्य. आमच्या रायपुरात चपराश्याला सरकारी कागदावर भृत्य म्हणतात, बाई असली तरी भृत्यच. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढची अक्षरं मी औषधांच्या खोक्यांवरून लावत लावत शिकले, तेव्हा चुका पोटात घाला. आम्ही दोघंही मुळात विदर्भाकडचे, दोघंही बौद्ध, आणि दोघांच्याही घरची पोरं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारी. त्यामुळे मराठी बोलायला त्यांना मी आणि मला ते, एवढेच उरलो होतो. आता तेही गेले. मग मी हे लिहूनच बोलते.

खरं बोलायची त्यांना सवय नव्हती, खोड होती. एकदा रजेच्या अर्जात कारण लिहिलं, "कामाचा कंटाळा आला आहे." साहेबांनी बोलावून घेतलं, "अरे, कोई और कारण लिखो, बुखार लिखो." दादा म्हणाले, "बुखार नही है." रजा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी आले आणि दिवसभर खरोखर कंटाळलेलं तोंड करून बसले. मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी विचारलं, पोरगी स्वयंपाक कसा करते. दादा म्हणाले, "भाजी चांगली करते. पोळ्या जाड होतात." वहिनी आतून कपाळावर हात मारत होत्या. लग्न जुळलं, ते त्या पाहुण्यांचा चांगुलपणा. वहिनी म्हणायच्या, "या माणसाले मीठ बरोबर आहे का म्हणून कधी विचारू नका. पाच मिनिटं चावून मंग सांगते."

वेळ विचारली तर म्हणायचे, "माझ्या घड्याळात दहा वाजून राहिले. खरे किती वाजले ते मले माहीत नाही."

असा माणूस.

दवाखान्यात त्यांच्या ताब्यात एक मोठा कॅन असायचा. त्यात इतकं थंड पाणी, म्हणजे पाणी नव्हे, नायट्रोजन, की झाकण उघडलं की पांढरा धूर जमिनीवर उतरायचा. गाईंना भरवायचं वळूचं बीज त्यात गोठवून ठेवत. दादा त्या कॅनला बाळंतिणीसारखे जपायचे. तरुणपणी कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये एका पाहुण्या डॉक्टरने त्यांना दाखवलं होतं, की पितळेचा आकडा या थंडीत बुडवून जनावराच्या अंगावर दाबला तर डागल्यासारखा जळत नाही, पण तिथल्या केसाचा रंग मरतो. काळ्या म्हशीवर पांढरा आकडा उगवतो. ते त्यांच्या डोक्यात तीस वर्षं पडून होतं. रिटायर झाल्यावर बाहेर आलं.

कारण घोड्या चोरीला जायला लागल्या होत्या.

आमच्या पाऱ्यामागे, म्हणजे मोहल्ल्यामागे, चारसहा घरं घोडीवाल्यांची. बारातीला भाड्याने पांढरी घोडी द्यायची, वर्षातले चार महिने त्यावर जगायचं. आणि नेमकी लगन, म्हणजे लग्नसराई, तोंडावर आली की एखादी घोडी खुंट्यावरून गायब. ठाण्यात गेलं की विचारत, रंग? पांढरा. निशाणी? काही नाही. मग मुन्शी पेन खाली ठेवायचा. रायपुरात काय पांढऱ्या घोड्या कमी आहेत? सगळ्यांच्या कपाळावर तोच मुकुट, अंगावर तीच मखमली झूल. दादा म्हणाले, "निशाणी नाही न? आपण देऊ निशाणी."

ओळखीच्या डेअरीवाल्याकडून उरलेला नायट्रोजन आणायचे, एका ठठेऱ्याकडून, म्हणजे पितळेची भांडी करणाऱ्याकडून, इंग्रजी आकडे ओतून घेतले होते. पण पांढऱ्या घोडीचं काम अवघड. काळ्या जनावराला जेवढा वेळ आकडा दाबायचा, तेवढाच दाबला तर पांढऱ्यावर पांढरा केस येणार, कोणाला दिसणार? म्हणून पांढरीला जास्त वेळ दाबायचा. केसाचं मूळच मेलं पाहिजे. मग तिथं केस येतच नाही आणि आतली कातडी आकड्याच्या आकाराने उघडी राहते. पांढऱ्या घोडीची कातडी खालून काळी असते हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं जनावरात काढून.

किती वेळ दाबायचा, हे ते घड्याळावर पाहत नसत. घड्याळावर भरवसाच नव्हता. आकडा टेकवला की मनातल्या मनात त्रिशरण म्हणायचे, बुद्धं सरणं गच्छामि, तीन फेऱ्यांचं. म्हशीला दुतियम्पि, म्हणजे दुसरी फेरी संपेपर्यंत, पांढऱ्या घोडीला ततियम्पि, तिसरी संपेपर्यंत. ओठ हलताना दिसायचे. एक घोडीवाला म्हणाला, "का दादा, घोडीले दीक्षा देऊन राहिले का?" दादा ओठ हलवतच राहिले. संपल्यावर आकडा उचलला आणि मग त्याला म्हणाले, "दीक्षा नाही, वेळ मोजतो. मधात बोललो असतो तर तुझ्या घोडीचं मूळ जिवंत राहिलं असतं."

जनावराला दुखतं का, असं लोक विचारायचे. दादांनी आधी स्वतःच्या हातावर दाबून पाहिलं होतं. बाही वर करून दाखवायचे. "पहिले सुई टोचल्यासारखं लागते. मंग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सुजते, अन् लय खाजते." हे ऐकून दोघेजण आपल्या घोड्या घेऊन परत गेले. मी म्हटलं, "दादा, सुजते ते काहून सांगता?" म्हणाले, "सुजते म्हणून."

सहा घोड्या झाल्या. सातवी रामबाईची.

रामबाई विधवा. नवरा गेला तेव्हा घरात घोडी तेवढी उरली होती, चांदनी. बारा वर्षं तीच तिला पोसत होती आणि ती तिला. रामबाई छत्तीसगढीत बोलायची. मी इथं आपल्यात उतरवते, फक्त तिचा "हव" तिचाच ठेवते. ती आधी तयारच नव्हती. पांढऱ्या घोडीवर काळा आकडा म्हणजे नवरदेवाकडचे म्हणणार, दागी घोडी आणली. दादांनी समजावलं, डाव्या खांद्यावर जिथं झूल पडते तिथं दाबू, कोणाला दिसणार नाही. "हव," म्हणाली, पण मनातून नाही.

मी घोडीचं नाक धरलं होतं. दादांनी केस भादरून, स्पिरिट लावून, धुरातून सात काढला आणि टेकवला. घोडी थरथरायला लागली. मला तिचा थरथराट हातात कळत होता. रामबाई एकदम ओरडली, "उचला, बस झालं, उचला!" आणि रडायला लागली. आणि दादांनी उचलला.

दुतियम्पिलाच उचलला. मी पाहिलं. आयुष्यात एकदा त्या माणसाने कोणाच्या रडण्यापायी काम अर्धं सोडलं.

आता जे व्हायचं ते झालं. दोन महिन्यांनी केस आले, पांढऱ्यावर पांढरे. साताची फक्त वरची आडवी रेघ, बोटभर, तेवढी उघडी राहिली. तिथं बहुतेक आकडा जोरात बसला असेल. अख्खा पारा हसला. "दादा, नंबर कुठे गेला, छुट्टीवर?" दादांनी वहीत लिहिलं, "क्रमांक सात. मालकिणीच्या सांगण्यावरून लवकर उचलला. चूक माझी." पुन्हा दाबू म्हणाले, तर रामबाईने घोडी घराच्या मागच्या बाजूला नेऊन बांधली. दादांना पाहिलं की तिथं जाऊन उभी राहायची.

आणि माघाच्या लगनीला आठ दिवस असताना चांदनी चोरीला गेली.

चार दिवसांनी बातमी आली, सिलतऱ्याकडे एका माणसाच्या दारात करड्या रंगाची घोडी आहे, पण पाणी मारलं तर खालून पांढरी निघते. पोलिसांना वाटलं, चोरीची घोडी रंगवून लपवली. उचलून आणलं दोघांना, माणसाला आणि घोडीला. तो हडकुळा माणूस, घाबरून गेलेला. रडत रडत म्हणत होता, "उहाँ सब करिया हो जाथे साहब. मेरा गमछा देखो, बच्चे का मुँह देखो." खोटं नव्हतं. तिकडच्या कारखान्यांची धूळ अशी, की सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी दुसऱ्याचं वाटावं. त्याच्याकडे मेळ्यातला खरेदीचा कागद होता. रंग पांढरा, निशाणी काही नाही.

पण घोडीच्या डाव्या खांद्यावर बोटभर उघडी रेघ होती.

रामबाई घोडीला पाहताच गळ्यात पडली. माझी चांदनी, माझी चांदनी. घोडी नुसती उभी. लोक म्हणाले, हाक मारा, ओळखते का बघा. रामबाईने हाक मारली, घोडीने कान हलवला. त्या माणसाने हाक मारली, पुन्हा कान हलवला. ठाणेदाराने नुसती शीळ घातली तरी हलवला. बारातीच्या घोडीला शिकवलेलंच असतं ते. रोज नवा माणूस पाठीवर, कानाशी धुमाल, बारातीचा बँड, वाजतो, फटाके फुटतात, तिने कोणाचं व्हायचं नाही आणि कोणाला नाही म्हणायचं नाही.

मग ठाणेदाराने दादांना बोलावलं. निवृत्त सरकारी माणूस, आकडा यांनीच मारलेला, वही यांच्याकडे. आता सगळं यांच्या एका शब्दावर होतं. मी सोबत होतेच. दादा चष्मा लावून खांद्यापाशी वाकले, बोटाने चाचपत राहिले, इतका वेळ, की ठाणेदाराचा चहा आला आणि संपलाही.

"दादा, सीधा बोलो. आपका नंबर है कि नहीं है?"

रामबाईचे डोळे माझ्याकडे. माझ्याने राहवलं नाही. मी पुढे झाले. "हाच आहे साहेब. मी स्वतः घोडीचं नाक धरलं होतं."

दादा वाकलेलेच होते. तसेच म्हणाले, "बाईनं नाक धरलं होतं, हे खरं आहे. नाक धरणाऱ्याले खांदा दिसत नाही."

ठाणं हसलं. मला वाटलं, धरणी फाटली तर बरं.

दादा उभे राहिले. "आकडा असू शकते. पट्ट्याचा घावही असू शकते. आज सांगता येत नाही. थंडीनं मेलेला केस परत येत नाही. घाव असला तर केस भरून येतीन. होळीनंतर घोडी केस टाकते, तवा सांगतो."

"तब तक क्या मैं थाने में चारा खिलाऊँ?"

दादा म्हणाले, "ते तुम्ही पहा."

ज्याच्याकडे कागद, त्याला सुपुर्दनाम्यावर, निकालापर्यंत सांभाळायला म्हणून, घोडी मिळाली. मामला चालू राहील म्हणे. रामबाई रडली नाही, चालत घरी गेली. मी मागून गेले. दादांशी मी त्या दिवसापासून बोलणं सोडलं. आणि आठ दिवसांनी कळलं की तो सिलतऱ्याचा माणूस दाराला कुलूप लावून घोडीसकट निघून गेला. मग तर कोणाला शंका उरली नाही. पाऱ्यात लोक दादांच्या दाराशी थांबून मोठ्याने बोलायचे, "सच्चाई लय महाग पडली बाप्पा, पण दुसऱ्याले." रामबाई एका केटररकडे भांडी घासायला लागली. त्याच लग्नांमध्ये, जिथं आधी तिची घोडी जायची.

मी तोंड फिरवून जायची. दादांना ते समजायचं. तरी दवाखान्याजवळ दिसले की विचारायचे, "बाई, राग आहे का?" "आहे," ते आपणच म्हणायचे आणि चालू लागायचे.

होळी झाली आणि दादांनी बारातींमध्ये जायला सुरुवात केली.

म्हणजे असं. घोडी लपवली तरी ती खाणार, आणि खायचं तर बारातीला जावंच लागणार. म्हणून हा म्हातारा रायपुरात जिथं बारात निघाली तिथं. घोडीच्या डाव्या बाजूने जायचं, झूल उचलायची, खांदा पाहायचा, झूल सारखी करायची, निघायचं. वर नवरदेव तलवार धरून बसलेला. त्याला वाटायचं पाय धरतात, तो पाय मागे घ्यायचा. "ए बाबा, का खोजत हस?" कोणी विचारलं तर म्हणायचे, "खांदा." काहींना वाटलं प्यालेले आहेत. एका ठिकाणी घरच्या बायकांना वाटलं ही काही रीत असेल, त्यांनी लाडू दिला. दादांनी परत केला, "मी बारातीतला नाही." एका घोडीवाल्याने तर चाबूक उगारला होता.

सदर बाजारात मी स्वतः पाहिलं. अरुंद रस्ता, दोन्हीकडून गाड्यांचे हॉर्न, मधे धुमाल, आणि दोन पोट्टे दादांना दंडाला धरून ढकलून राहिले. चष्मा सोनाराच्या पायरीवर पडला. मी जाऊन उचलला. पदराने पुसला, त्यांच्या हातात दिला. बोलले नाही काही. पण त्या दिवसापासून त्यांच्या मागे चालू लागले. माझे गुडघे त्यांच्याहून वाईट. दोघं म्हातारे परक्यांच्या बारातीमागून हळूहळू, कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यांचं कोणी हरवलं आहे.

अक्तीच्या, म्हणजे अक्षयतृतीयेच्या दिवशी तो सिलतऱ्याचा माणूस सापडला. अक्तीला इकडे लगनींना सुमार नसतो. समता कॉलोनीत एका बंद क्लिनिकच्या सावलीत तो घोडीला मुकुट बांधत होता, दुपार कलली होती. घोडी स्वच्छ पांढरी, धुळीचा ठिपका नाही. आम्हाला पाहिलं आणि त्याच्या हातातला मुकुट खाली आला.

"फिर थाने ले जाओगे?"

"नाही भैया," दादा म्हणाले. "फक्त खांदा पाहू द्या."

त्याने स्वतःच झूल उचलली. दादांनी बाजूच्या नळावरून ओंजळीत पाणी आणलं, खांद्यावर फिरवलं, केस उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मीही वाकले. या वेळी नाक धरायचं नव्हतं, खांदा मला नीट दिसत होता. रेघ नव्हती. सगळीकडे मऊ, दाट, पांढरा केस.

"भरून आला," दादा म्हणाले. "घाव होता."

"मैंने तो बोला था," तो माणूस म्हणाला. पोलिसांच्या भीतीने तो मेव्हण्याकडे जाऊन राहिला होता, बायकापोरांसकट. दादांनी त्याला हात जोडले. हात जोडायला पाहिजे होते ते मी. मी एका गरिबाची घोडी सरकारी आवाजात दुसरीला देऊन टाकली होती जवळपास. मी म्हटलंही तसं दादांना, तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. ते एवढंच म्हणाले, "पाणी पिता का? ऊन लय आहे."

आता रामबाईला सांगायचं होतं. मला वाटत होतं, नको सांगायला. तिला एवढंच सुख होतं की चांदनी जिवंत आहे, कोणाकडे का होईना. मी वाटेत दोनदा म्हटलं, "दादा, आजच सांगाले पाहिजे का?" ते चालत राहिले.

रामबाई अंगणात मोठं पातेलं राखेने घासत होती. दादा उभ्यानेच म्हणाले, "घोडी पाहिली. केस भरून आले. ती चांदनी नव्हे."

रामबाईचा हात थांबला नाही. "हव," म्हणाली. "मले माहीत होतं."

मी खाली बसले.

"बारा वर्षं अंग घासलं तिचं," ती म्हणाली. "आंधळी असती तरी हातानं ओळखली असती. गळ्यात पडले तेव्हाच कळलं, ही नव्हे."

"मंग ठाण्यात काहून बोलली?" मी ओरडलेच.

"लगन तोंडावर होती बाई. म्हटलं, तुम्ही सरकारी माणसं हो म्हणाल तर एक घोडी तर मिळेल. त्याचीही कुठून तरी चोरीचीच असेल असं वाटलं मले." मग जरा थांबून म्हणाली, "तो रडला तेव्हा वाटलं, नसेल. पण तवरी मी बोलून बसले होते."

दादा अजून उभेच होते. उन्हाने तोंड काळंठिक्कर पडलेलं. मला भीती वाटली. या माणसाला ज्या एका गोष्टीची चीड, तीच चार पावलांवर बसून राख घासत होती. आणि या बाईपायी तो दीड महिना लोकांचे धक्के खात फिरला होता.

"मी झुली उचलत फिरत होतो, ते तुले माहीत होतं?"

"हव. सगळ्या पाऱ्याले माहीत होतं."

"तरी सांगितलं नाही. मले खोटी घोडी शोधाले लावली."

"खोटी कशी?" रामबाईने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही सगळ्या घोड्यांचे खांदे पाहून राहिले होते. त्यात एखाद्या दिवशी माझी निघाली असती. सांगितलं असतं तर घरी बसले असते तुम्ही. तुम्ही माझीच शोधत होते दादा. तुम्हाले माहीत नव्हतं एवढंच."

दादा ते मनात चावत राहिले. मीठ बघताना चावायचे तसे. कितीतरी वेळ. पातेल्यावर राख घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"हे बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. मग ओट्यावर टेकले, दोन्ही हातांनी डावा गुडघा दाबला आणि विचारलं, "उद्या कुठं कुठं लगन आहे?"

रामबाईने राखेचे हात तसेच ठेवून बोटांवर मोजायला सुरुवात केली. केटररकडे असल्यामुळे तिला सगळी ठिकाणं पाठ होती.